शारजाचा किल्ला आणि नातीचा प्रश्न



शारजा म्हटलं की भारतात राहिलेल्या आमच्या भाच्यांना क्रिकेट आठवतं. १९९८ साली वाळूचं वादळ आलं त्या सामन्यात सचिन तेंडुलकरने तिथं ठोकलेलं शतक अजून त्यांच्या तोंडी असतं. आम्हांला मात्र आता शारजा म्हटलं की एक किल्ला आठवतो आणि त्या किल्ल्याच्या दारात आमच्या नातीने विचारलेला प्रश्न. त्या प्रश्नाने आम्हां सात म्हाताऱ्यांची चांगलीच तारांबळ उडाली. म्हणून हे लिहायला बसलो.

२०२० साली इस्रायल आणि अमिरातींचा करार झाला, थेट विमानं सुरू झाली. तेव्हापासून लोदच्या आमच्या मैत्रिणींत "एकदा तिकडे जाऊन येऊ या" असं चाललं होतं. कोणाचे गुडघे, कोणाचा नवरा आजारी, कोणाच्या नातवाची बार मित्स्वा, असं करता करता २०२३ चा मार्च उजाडला. पुरीम झाला होता आणि पेसाहच्या साफसफाईला अजून अवकाश होता. आम्ही सातजणी निघालो. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या, साखर तपासायचं यंत्र, गुडघ्याचं मलम आणि बँडेजचा रोल. निवृत्त झालो तरी नर्सची सवय काही सुटत नाही.

सोबत बारा वर्षांची आमची नात होती. तिला नेण्याला कारण होतं. इथल्या शाळांत त्या वयाच्या मुलांकडून 'शोराशीम'ची, म्हणजे आपल्या मुळांची, वही लिहून घेतात. तिने एका पानावर आमच्या आईच्या आजोबांचा फोटो चिकटवला होता. डोक्याला फेटा, भरघोस मिशा, छातीवर दोन पदकं. हा फोटो मुंबईला उमरखाडीच्या आमच्या घरात भिंतीवर असायचा, आलिया केली तेव्हा आईने तो साडीत गुंडाळून आणला. नातीने खाली लिहिलं होतं, 'सुभेदार. इंग्रजांच्या फौजेत. शूर.' बाकीचं पान कोरं होतं.

दुबईचा तो ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफा पाहिला, मान दुखून आली. अबू धाबीला त्याच वर्षी उघडलेलं नवं सिनेगॉगही पाहिलं, पण ते पुढच्या अंकासाठी ठेवतो. आज फक्त शारजाच्या एका दिवसाबद्दल.

शारजाला सकाळी आधी 'महत्ता' किल्ल्यात गेलो. अरबीत महत्ता म्हणजे स्टेशन. मुलांनो, हा किल्ला कुठल्या राजाने लढाईसाठी बांधलेला नाही. विमानाच्या उतारूंना रात्री निजता यावं म्हणून तो इंग्रजांच्या काळात, १९३२ साली बांधला. त्या काळी लंडनहून हिंदुस्थानला येणारं विमान एका दमात येत नसे. थांबत थांबत, पेट्रोल भरत, कित्येक दिवसांनी ते कराचीला पोहोचे. वाटेतला एक मुक्काम शारजाला. इम्पीरियल एअरवेजचं विमान ५ ऑक्टोबर १९३२ रोजी इथं पहिल्यांदा उतरलं. आजूबाजूला नुसतं वाळवंट, हल्ला होईल अशी भीती, म्हणून उतारूंच्या विश्रामगृहाला किल्ल्यासारख्या जाड भिंती आणि बुरूज.

१९७७ साली नवा विमानतळ झाला आणि हा बंद पडला. पुढे तो दुरुस्त करून २००० साली त्याचं संग्रहालय केलं. आत जुनी विमानं ठेवली आहेत. ज्या धावपट्टीवर ती उतरायची तिथं आता किंग अब्दुल अझीझ रस्ता आहे आणि त्यावरून मोटारी धावतात.

तिथं फिरताना आम्हांला अगदी घरच्यासारखं वाटलं. सगळा रस्ता आपल्या देशाकडे जाणारा! धावपट्टीच्या जागेचं भाडं ठरलं तेही रुपयांत, कारण १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता. अलिबागची आमची मैत्रीण म्हणाली, "बघ, आपल्या सुभेदारांच्या सरकारचाच हा मुलूख." आम्ही सगळ्याजणी हसलो. नातीने ते वहीत टिपून घेतलं.

संध्याकाळी जुन्या शारजात गेलो. तिथं दरवर्षी 'शारजा हेरिटेज डेज' नावाचा मोठा उत्सव भरतो. २००३ पासून तो चालू आहे. जुन्या काळी लोक कसे राहत, कसे कमावत, कसे नाचत हे सगळं माणसं प्रत्यक्ष करून दाखवतात. एका कोपऱ्यात बायका खजुरीच्या पात्या विणत होत्या, आपल्या कोकणातल्या चटया आठवल्या. दुसरीकडे म्हातारे कोळी जाळी विणत बसले होते. मोती काढणारे पाणबुडे कसे बुडी मारत तेही दाखवत होते. पायाला दगड बांधायचा, नाकाला चिमटा लावायचा आणि दोरी धरून खाली जायचं. आम्ही लगेच विचारलं, "आणि कान?" दाखवणाऱ्या माणसाने कानावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. पुष्कळांचे कान फुटायचे. त्या मोत्यांचा मोठा बाजार कुठे, तर मुंबईला.

लुकैमात नावाचे गोड गोळे तळून वर खजुराचा पाक घालत होते, आपल्या सिलानसारखाच. वास सुटला होता, पण कोशेर नाही म्हणून आम्ही नुसता वास घेतला आणि पुढे झालो.

या सगळ्याच्या जवळच, बँकांच्या उंच इमारतींच्या मधोमध, शारजाचा जुना किल्ला आहे. त्याला 'हिस्न' म्हणतात. दगडाच्या भिंती, बुरूज, मोठा लाकडी दरवाजा. आतल्या अंगणात गार वारा. इथं शारजाचं राज्य करणारं अल कासिमी घराणं राहत असे.

मुलांनो, या किल्ल्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तो १८२३ साली बांधला. दीडशे वर्षं जवळपास टिकला. मग १९७० च्या सुमारास, जुनं नको आणि नवं हवं अशी हवा होती, तेव्हा तो पाडायला काढला. कोणी शत्रूने नाही, आपल्याच माणसांनी. त्या घराण्यातले एक तरुण, शेख सुलतान बिन मुहम्मद, तेव्हा कैरोला शिकत होते. बातमी कळताच ते धावत घरी आले. तोवर एक बुरूज आणि थोडंफार एवढंच उभं होतं. त्यांनी उरलेलं थांबवलं, पायाची मापं घेतली, दारं-खिडक्या सांभाळून ठेवल्या. १९७२ साली ते शारजाचे राज्यकर्ते झाले आणि १९९६-९७ मध्ये जुने फोटो, ती मापं आणि लोकांच्या आठवणी यांवरून किल्ला होता तसा पुन्हा उभा केला.

आम्ही मुंबईला कितीदा 'फोर्ट'मध्ये जायचो! तिथला कोट १८६० च्या दशकातच पाडला. किल्ला गेला आणि नाव तेवढं राहिलं. इथं उलट झालं.

किल्ल्याच्या दाराशी बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरा कंदुरा, हातात काठी, आमच्याहून पाच-सात वर्षांनी मोठे. आमची मराठी कानावर पडताच म्हणाले, "आप लोग बंबई के?" त्यांचे वडील मोती घेऊन मुंबईला जात, हेही लहानपणी एकदा बरोबर गेले होते. मोहम्मद अली रोड, भेंडीबाजार, क्रॉफर्ड मार्केट, सगळं त्यांना पाठ. आम्ही म्हटलं, "बंबई के, पण आता राहायला इस्रायलला." ते क्षणभर थांबले, मग काठीने बाकावरची जागा दाखवून म्हणाले, "बैठो, बैठो. पाँव दुखते होंगे." दुखतच होते. बसलो.

एवढ्यात समोर ढोल वाजू लागले. 'अल अय्याला' सुरू झाली. पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. हातांत बांबूच्या बारीक काठ्या. त्या काठ्या म्हणजे भाले आणि तलवारी. ढोलाच्या ठेक्यावर एक रांग पुढे येते, दुसरी मागे जाते, मग उलट. ही लढाईची नक्कल. लांब झगे घातलेल्या मुली मोकळे केस एका बाजूहून दुसऱ्या बाजूला झुलवतात. २०१४ साली युनेस्कोने या नाचाला जगाच्या वारशाच्या यादीत घेतलं.

नात आधी मोबाइलवर फोटो काढत होती. मग त्या आजोबांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "हे चाचे आहेत का? पायरेट्स?"

आम्हांला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिचा काय दोष? इंग्रजांच्या जुन्या नकाशांत या किनाऱ्याचं नावच 'चाच्यांचा किनारा' असं छापलेलं आहे, ते तिने येण्यापूर्वी वाचलं होतं.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी तिला जवळ बसवलं आणि हिंदी, इंग्रजी असं मिसळून सांगू लागले. अल कासिमींची जहाजं या समुद्रात व्यापार करत होती. इंग्रजांच्या कंपनीलाही हाच समुद्र हवा होता. भांडणं झाली, जहाजं लुटली गेली, आणि कंपनीने या लोकांना चाचे ठरवलं. १८०९ साली एकदा आणि १८१९ साली पुन्हा, आरमार चालून आलं. दुसऱ्या वेळी जनरल केअर सुमारे ३००० माणसं घेऊन आला. डिसेंबरात रास अल खैमा पडलं. त्यानंतर ढाया नावाच्या डोंगरी किल्ल्यात लोक बायकामुलांसह जाऊन बसले होते. युद्धनौकेवरच्या दोन मोठ्या तोफा ओढत नेऊन त्याच्या भिंती फोडल्या. २२ डिसेंबर १८१९ रोजी तोही पडला. मग फौज किनाऱ्याने खाली आली आणि शारजाची तटबंदी, मोठी जहाजं नष्ट केली. १८२० च्या जानेवारीत तह झाला. "उसके बाद," काठीने मागची भिंत दाखवत ते म्हणाले, "ये हिस्न बना."

"आणि ते आरमार आलं कुठून?" नातीने विचारलं.

आजोबा हसले. "बंबई से, बेटा. हमारा चावल बंबई से आता था. तोपें भी बंबई से आईं."

नात आमच्याकडे वळली आणि हिब्रूत म्हणाली, "सफ्ता, म्हणजे आपले सुभेदार दुसऱ्या रांगेत होते?"

ढोल जोरात वाजत होते, म्हणून उत्तर टाळता आलं. सकाळी "आपल्या सुभेदारांच्या सरकारचा मुलूख" म्हणून हसलेल्या आम्ही सातहीजणी गप्प. आजोबांनी विचारलं, मुलगी काय म्हणते? आम्ही म्हटलं, काही नाही, दमली आहे. ही लबाडी आम्हांला अजून टोचते.

रात्री हॉटेलात चहा करून बसलो आणि वाद सुरू झाला. एकीचं म्हणणं, पोरीला कशाला सांगता? सुभेदार शूर होते एवढं पुरे. दुसरी म्हणाली, पोटासाठी केलेली चाकरी ती, त्यात लाज कसली? आम्ही मनात हिशेब करत होतो. आमच्या पणजोबांचा जन्म या लढाईनंतर कितीतरी वर्षांनी झाला, तेव्हा ते स्वतः इथं येणं शक्यच नव्हतं. पण नातीचा प्रश्न त्यांच्या एकट्याबद्दल नव्हता. आपले लोक अठराव्या शतकापासून कंपनीच्या मुंबई फौजेत होते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, त्याच फौजेतले. टिपूच्या कैदेतून सुटले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत शाआर हारहामीम, आपली जुनी मशीद, बांधली. १८१९ साली जी फौज इथं आली तिच्यात निम्म्याच्या जवळपास देशी शिपाई आणि खलाशी होते, मुंबईच्या पलटणींतले. घरोघरी सुभेदार आणि नाईक असलेल्या आपल्या समाजाने "ती फौज आमची नव्हे" असं म्हणणं खरं नव्हे.

वॉर्डात आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. लहान मुलाला सुई टोचताना "दुखणार नाही हं" असं खोटं सांगू नये. सांगितलं तर पुढच्या वेळी ते हात देत नाही. आम्ही नातीला हाक मारली.

तिला म्हटलं, हो, आपली माणसं त्या फौजेत चाकरी करत होती. पण आता दुसरी गोष्ट ऐक. आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेत होतो तेव्हा बाईंनी आम्हांला सहलीला अलिबागला नेलं होतं. ओहोटीच्या वेळी, परकर वर खोचून, ओल्या वाळूतून चालत आम्ही समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात गेलो. बाई म्हणाल्या, भरती यायच्या आत परत फिरायचं, नाहीतर रात्र इथंच! तिथं बाईंनी कान्होजी आंग्र्यांची गोष्ट सांगितली. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. आम्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या. कान्होजी आमचे हिरो. आणि इंग्रज आपल्या कागदांत कान्होजींना काय म्हणत होते? चाचा.

नात म्हणाली, "तोच शब्द?"

तोच शब्द. आणि पुढचं ऐक. आंग्र्यांच्या आरमारातही आपली बेने इस्रायल माणसं चाकरीला होती. नवगाव, अलिबाग, रेवदंडा हा तर आपलाच मुलूख. म्हणजे ज्यांना इंग्रज चाचे म्हणत त्यांच्या जहाजांवर आपण होतो, आणि जे दुसऱ्यांना चाचे म्हणत त्यांच्या पलटणींतही आपणच होतो. म्हणून कुठं 'चाचा' असं वाचलंस तर आधी विचार, हे लिहिलं कोणी?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "पण खरं काय झालं ते कळणार कसं?"

याचंही उत्तर शारजातच आहे. ज्या शेख सुलतानांनी किल्ला पुन्हा बांधला त्यांनीच इंग्लंडमध्ये याच विषयावर अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. १९८६ साली त्यांचं पुस्तक निघालं, आखातातले अरब चाचे ही दंतकथा आहे असं सांगणारं. आणि त्यासाठी त्यांनी कागद कुठले वापरले? मुंबईच्या सरकारी दफ्तरखान्यातले. कंपनीच्या साहेबांनी स्वतः लिहिलेली पत्रं आणि अहवाल. तो दफ्तरखाना काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. त्या कमानींखालून आम्ही नर्सिंग शिकताना शेकडो वेळा चालत गेलो, केनेसेथ एलियाहूचं सिनेगॉग तिथून जवळच. वर काय ठेवलंय याचा पत्ताच नव्हता.

अर्थात त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. आपल्या घराण्याची बाजू ते मांडतात असं म्हणणारे इतिहासकारही आहेत. तेही नातीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं, पण सकाळी आम्ही टॅक्सी करून पुन्हा किल्ल्यापाशी गेलो. वाटलं नव्हतं, पण आजोबा त्याच बाकावर भेटले. नातीने आपली वही उघडून फोटो दाखवला आणि आम्ही सांगितलं, हे आमचे पणजोबा, मुंबईच्या फौजेत सुभेदार. काल मुलीने विचारलं ते असं असं होतं, आणि आम्ही तुम्हांला खरं सांगितलं नाही.

आजोबांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. मिशा पाहून हसले. म्हणाले, काल तुम्ही अय्याला पाहिली ना? त्या दोन्ही रांगांत एकाच गावची पोरं असतात. मग खिशातून खजुराची पुडी काढून नातीच्या हातावर ठेवली. तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हटलं, खा, बी काढून नीट बघून खा.

आता ते पान भरलं आहे. आम्ही मराठीत करून देतो: 'सुभेदार. इंग्रजांच्या फौजेत. शूर. घर चालवायला नोकरी केली. ते जन्मण्याआधी त्याच फौजेने शारजाची तटबंदी पाडली, आणि त्याच्याही आधी आपले लोक कान्होजी आंग्र्यांच्या जहाजांवर होते. शारजाच्या एका आजोबांनी त्यांचा फोटो पाहिला आणि मला खजूर दिला.' शिक्षिकेने खाली लाल शाईने विचारलं आहे, 'हे तुला कोणी सांगितलं?'

वाचकहो, तुमच्याही कपाटात अशी पदकं, पेन्शनची बुकं, पलटणीचे कागद असतील. मुलांना हिब्रूत सांगता येत नाही म्हणून ते तसेच पडून असतात. या पेसाहला सगळे एकत्र जमाल तेव्हा ते बाहेर काढा आणि जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगा. अभिमानाचं सांगा आणि अवघड आहे तेही सांगा. आणि बालमित्रांनो, तुम्ही विचारत राहा. आम्ही ढोलाच्या आवाजाचं निमित्त करून गप्प बसलो, तर घरी आल्यावर पुन्हा विचारा.

सर्वांना शलोम आणि उत्तम आरोग्य लाभो. गोळ्या वेळेवर घ्या!